सकाळी ठोकणारे इंजिन

निफाड-लासलगावच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. द्राक्षे वाचवण्यासाठी शेतकरी बागांतून शेकोट्या पेटवतात. अशा पहाटे, रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या डिझेल ट्रकला सेल मारला, की इंजिन कुरकुरत सुरू होते आणि त्यातून ठक् ठक् ठक् असा टणक आवाज येऊ लागतो. पाच-दहा मिनिटांत इंजिन तापते, आवाज हळूहळू विरतो आणि गाडी कांद्याची भरती घेऊन रस्त्याला लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

आवाज जातो, पण प्रश्न जात नाही. ज्याचे पोट त्या एका गाडीवर आहे, त्याच्यापुढे दोन धोके असतात. घाबरून इंजिन खोलायला लावले तर हेड उतरणार, पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंगे बाहेर येणार, गाडी कित्येक दिवस उभी राहणार आणि एवढे करून दोष भलतीकडेच निघाला तर सारा खर्च वाया जाणार. उलट, 'थंडीचे आहे, होईल ठीक' म्हणून दुर्लक्ष केले आणि आवाज बेअरिंगचा असला, तर एके दिवशी भर घाटात इंजिन जाम होणार. कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडल्याची उदाहरणे कोणताही जुना मेस्त्री सांगेल.

म्हणजे इंजिन न उघडता आत काय बिघडले आहे हे ओळखायचे आहे. डॉक्टर पोट न फाडता पोटातल्या दुखण्याचा अंदाज घेतात, तसेच हे. या लेखात आपण हे निदान कसे करायचे ते पाहू. आठवी ते दहावीच्या विज्ञानात येणारे बरेच काही यात एकत्र भेटते : वायूंचे संपीडन, घन पदार्थांचे प्रसरण, द्रवांची विष्यंदिता, ध्वनीचे वहन. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुरावा कशाला म्हणायचे, हा प्रश्नही भेटतो.

ठिणगीशिवाय पेट

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला स्पार्क प्लगची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनाचे मर्म हेच होते. सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा घ्यायची, ती जोराने दाबायची, दाबल्यामुळे ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाची फवारणी केली की ते आपोआप पेटते.

हवा दाबल्याने तापते हे वर्गात सायकलच्या पंपाने दाखवता येते. पंपाचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दांडा वीस वेळा झपाट्याने मारा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. चुणचुणीत विद्यार्थी लगेच म्हणेल, "सर, हे घासल्यामुळे तापले असेल!" शंका रास्त आहे. म्हणून पंप थंड होऊ द्या आणि तोंड उघडे ठेवून तितकेच फटके मारा. आता घर्षण साधारण तेवढेच, पण दाबणे नाही. दोन्ही वेळच्या उष्णतेतला फरक कशाचा हे मुले स्वतःच सांगतील.

आता थोडे गणित करू. जुन्या ट्रकांच्या इंजिनांत हवा साधारण सतरा पट दाबली जाते. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे मानले, तर हवेचे केल्विनमधले तापमान सुमारे ३.१ पट होते. दुपारी हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन असेल, तर दाबल्यावर ती ९३० केल्विन, म्हणजे सुमारे ६५७ अंश सेल्सिअस होईल. पहाटे ५ अंश, म्हणजे २७८ केल्विन असेल, तर दाबल्यावर होईल सुमारे ८६२ केल्विन, म्हणजे ५८९ अंश सेल्सिअस. बाहेरचा २२ अंशांचा फरक आत ६८ अंशांचा झाला! प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून बरेच कमी असतात, कारण सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढून घेतात आणि पिस्टनच्या रिंगांमधून थोडी हवा निसटते. पहाटे तर भिंती गारठलेल्या, ऑईल दाट झालेले आणि बॅटरी मंदावलेली. इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे उष्णता निसटायला आणि हवा गळायला वेळही जास्त मिळतो.

पाच संशयित

सोयीसाठी आपण एक ठरावीक इंजिन डोळ्यांपुढे ठेवू : टाटांच्या जुन्या ट्रकांतले '६९७'. नावातच त्याची ओळख आहे. सिलिंडर सहा आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. त्यात इंधन देणारा पंप संपूर्णपणे यांत्रिक, संगणकाचा कुठे संबंध नाही. थंड इंजिनात ठोका येण्याची मुख्य कारणे पाच.

पहिला संशयित : उशिरा होणारा पेट. नोजलमधून डिझेल फवारले की ते तत्क्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि पेट घ्यायला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. हवा थंड असेल तर हा उशीर वाढतो. तेवढ्यात फवारणी चालूच असते, सिलिंडरमध्ये इंधन साचत जाते आणि मग ते सगळे एकदम पेटते. गॅसच्या शेगडीची चावी सोडून काडी ओढायला उशीर झाला की 'भक्क' होते, तोच प्रकार. (हा प्रयोग करून दाखवायचा नाही, सांगितले तरी मुलांना पटते.) सिलिंडरमधला दाब एकाएकी चढतो आणि त्याचा हातोड्यासारखा आघात ऐकू येतो. नोजल नीट फवारत नसेल, थेंब थेंब गळत असेल, पंपाचे टायमिंग चुकले असेल किंवा डिझेल चटकन पेटणारे नसेल तरी हेच होते. डिझेल किती चटकन पेटते याचे माप म्हणजे सेटेन अंक. आज आपल्याकडे तो किमान ५१ असावा लागतो. भेसळ झाली की तो घसरू शकतो.

दुसरा संशयित : सैल पिस्टन. पिस्टन ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा, तर लायनर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनिअम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ९७ मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला, तर ९७ × ०.००००२१ × १००, म्हणजे सुमारे ०.२० मिलिमीटर वाढतो. लायनर ७० अंशांनी तापला, तर ९७ × ०.००००११ × ७०, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतो. म्हणजे थंड असताना दोघांमधली फट सुमारे ०.१३ मिलिमीटर जास्त असते. वहीच्या पानाच्या जाडीहून थोडी अधिक! कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन कधी या भिंतीला, कधी त्या भिंतीला टेकतो. फट मोठी असली की बाजू बदलताना तो आपटतो आणि काहीसा पोकळ ठोका येतो. इंजिन तापले की पिस्टन फुगतो, फट भरते, आवाज जातो.

तिसरा संशयित : टॅपेट. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती वाढली तर टिक् टिक् असा हलका, धातूचा आवाज येतो. हे भाग इंजिनाच्या माथ्यावर असतात. दाट झालेले ऑईल तिथवर पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर आवाज जास्त येतो.

चौथा संशयित : बेअरिंग. क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये ऑईलचा पातळ थर असतो. रात्रभरात ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. सेल मारल्यावर दाब तयार होईपर्यंत दोन-चार सेकंद खडखड होऊ शकते.

पाचवा संशयित : मॅनिफोल्डची गळती. हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांमधले गॅस्केट जळाले की तिथून वायू फटकन बाहेर पडतो. हा आवाज धातूवर टिचकी मारल्यासारखाच असतो. तापल्यावर लोखंड प्रसरण पावते, फट मिटते, टिचकी थांबते.

ज्यावर सर्वांचे लक्ष, तोच पुरावा निरुपयोगी

आता गंमत पाहा. गाडीवाला मेस्त्रीला काय सांगतो? "थंड असताना ठोकते, तापले की बंद होते." त्याच्या दृष्टीने हीच सर्वांत ठळक खूण आहे. पण आपण वर पाहिले, की पाचही संशयितांचा आवाज तापल्यावर कमी होऊ शकतो. हवा तापते, पिस्टन फुगतो, ऑईल पोहोचते, गॅस्केट मिटते. जी खूण पाचही जणांना सारखीच लागू पडते, ती त्यांच्यातला एकही निवडून देऊ शकत नाही. चोरी रात्री झाली म्हणून रात्री गावात असलेल्या प्रत्येकाला चोर ठरवता येत नाही, तसेच.

आणि चूक नेमकी इथेच होते. पंप दुरुस्त करणारा म्हणतो, "तापल्यावर जाते ना? मग टायमिंगच." लायनर बोअर करणारा म्हणतो, "तापल्यावर जाते ना? मग पिस्टनच." दोघांचेही स्पष्टीकरण त्या खुणेशी तंतोतंत जुळते आणि जुळते म्हणून दोघांनाही आपण बरोबर आहोत असे वाटते. अमेरिकी भूशास्त्रज्ञ टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० सालीच या धोक्याबद्दल लिहून ठेवले आहे. आपल्या एकुलत्या एका कल्पनेवर संशोधकाचा आईबापासारखा जीव जडतो आणि मग तिच्याविरुद्धचा पुरावा त्याला दिसेनासा होतो, असे त्यांचे म्हणणे. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा, की आरंभापासूनच अनेक कल्पना सोबत बाळगायच्या.

तेव्हा विचारायचा प्रश्न 'हे स्पष्टीकरण जुळते का?' हा नाही. प्रश्न असा हवा : 'कोणती चाचणी केली असता हे पाच संशयित वेगवेगळी उत्तरे देतील?'

एका पहाटेला एकच संधी

या निदानात एक अडचण आहे. इंजिन एकदा तापले की आवाज जातो आणि पुन्हा ऐकायला दुसरी पहाट उजाडावी लागते. म्हणून चाचण्यांचा क्रम आधी ठरवायचा. ज्यांना खर्च नाही आणि काही उघडावे लागत नाही, त्या आधी. हल्ली प्रत्येकाकडे मोबाइल असतो. पहिल्या सेकंदापासून आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर तो नंतर सावकाश वेगाने पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

सेल मारण्याच्याही आधी तीन गोष्टी विचाराव्यात. आवाज कधीपासून येतो? त्याच्या आगेमागे पंप उतरवला होता का, ऑईल बदलले होते का, डिझेल वेगळ्या ठिकाणी भरले होते का? आणि ऑईलची पातळी किती आहे? दांडी ओढून पाहायला एक मिनिटही लागत नाही.

पहिली चाचणी : ऑईलचा काटा. सेल मारल्यावर दाबाचा काटा चढायला किती वेळ लागतो आणि आवाज कधी थांबतो, हे एकत्र पाहा. काटा चढताक्षणी आवाज थांबला, तर संशय ऑईलच्या प्रवाहाकडे वळतो. काटा चढून मिनिटे झाली तरी आवाज चालूच असेल, तर कारण वेगळे. झिजलेल्या बेअरिंगचा स्वभाव मात्र उलटा असतो. थंड असताना दाट ऑईल त्याला सांभाळून घेते; इंजिन तापून ऑईल पातळ झाले आणि भार पडला, की ते जड आवाजात ठोकू लागते. म्हणून 'थंड असताना ठोकते' यापेक्षा 'भरल्या गाडीने चढ चढताना, इंजिन गरम असताना ठोकते का?' हे विचारणे अधिक महत्त्वाचे. उत्तर 'हो' असेल किंवा काटा चढतच नसेल, तर पुढच्या चाचण्या करायच्या नाहीत. इंजिन बंद करायचे आणि गाडी हलवायची नाही.

दुसरी चाचणी : ठोके मोजणे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एक सिलिंडर मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा पेटेल. सहा सिलिंडर मिळून सेकंदाला ३० वेळा. सेकंदाला पाच ठोके कानाला सुटे ऐकू येतात. कागदावर ठोक्यागणिक पेन्सिलीने ठिपका देत गेले, तर पाच सेकंदांत पंचवीसच्या आसपास ठिपके पडतात. सेकंदाला तीस ठोके मात्र एकमेकांत मिसळून सलग खडखडाट होतो. म्हणजे सुटा ठोका असेल तर दोष एखाद्याच सिलिंडरचा, आणि सलग खडखडाट असेल तर कारण सर्वांना समान : गार हवा, टायमिंग किंवा डिझेल.

तिसरी चाचणी : धूर. इंधन न पेटताच बाहेर पडले की पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. ठोका आणि असा धूर बरोबरच कमी होत गेले, तर पहिल्या संशयिताची बाजू बळकट होते. मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा दिसला, तर पाचव्याची. तो पट्टा तर इंजिन बंद असतानाही दिसतो.

चौथी चाचणी : स्टॉप केबल. यांत्रिक पंपाच्या गाडीत ही केबल ओढली की इंधन तोडले जाते, पण इंजिन लगेच थांबत नाही. ते आपल्या गतीने आणखी काही फेरे घेते. त्या फेऱ्यांत पिस्टन वरखाली होतात, टॅपेट हलतात, क्रँक फिरते, फक्त पेट होत नाही. ठोका केबल ओढताच तोडल्यासारखा थांबला, तर तो पेटण्याशी निगडित. थांबेपर्यंत, मंदावत का होईना, ठोके येत राहिले, तर धातू धातूवर आपटतो आहे. एका क्षणात संशयितांचे दोन गट पडतात, तेही एक पैसा खर्च न करता.

पाचवी चाचणी : कानाशी दांडा. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायची. घन पदार्थातून आवाज हवेपेक्षा चांगला वाहतो. फ्रान्सचे डॉक्टर लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची नळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. मेस्त्रीचा दांडा त्याचाच भाऊबंद. टॅपेटचा आवाज माथ्यावरच्या झाकणावर मोठा लागतो, बेअरिंगचा खाली चेंबरजवळ, नोजलचा त्या त्या नोजलवर. फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून मात्र हात, बाही, उपरणे दूर हवे.

सहावी चाचणी : एकेक सिलिंडर बंद करणे. ही जाणत्या मेस्त्रीनेच करावी. नोजलकडे जाणाऱ्या नळीचा नट पान्याने किंचित सैल केला की त्या सिलिंडरला इंधन मिळत नाही. असे एकेक करून पाहायचे. ज्याचा नट सैल केल्यावर ठोका गेला किंवा कमी झाला, तो दोषी सिलिंडर. टॅपेटच्या आवाजात मात्र काही फरक पडत नाही. येथे एक इशारा : या जुन्या इंजिनांतही नोजल उघडण्याचा दाब साधारण २०० बार असतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी गंभीर असते. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब १,००० बारच्याही वर जातो. त्यांच्यावर हा प्रयोग कधीही करायचा नाही.

सातवी चाचणी : अदलाबदल. सहावीने 'कोणता सिलिंडर' हे कळते, पण त्या सिलिंडरचे 'काय' बिघडले हे कळत नाही. नोजल खराब असो की पिस्टन सैल असो, इंधन तोडल्यावर दोन्हींचे ठोके मंदावतात. म्हणून त्या सिलिंडरचे नोजल काढून दुसऱ्या चांगल्या सिलिंडरला बसवायचे आणि त्याचे याला. खालचे तांब्याचे वॉशर नवे घालायचे. मग दुसऱ्या पहाटे ऐकायचे. ठोका नोजलबरोबर सरकला, तर दोष नोजलचा. जागच्या जागी राहिला, तर दोष सिलिंडरचा. मग कॉम्प्रेशन मोजणे आणि पुढे जरूर पडल्यास इंजिन उघडणे यांना अर्थ आहे.

एक नमुना

समजा, आपल्या ६९७ इंजिनाबद्दल पहिल्या पहाटे अशा नोंदी मिळाल्या : काटा लगेच चढला, तरी ठोका सहा मिनिटे टिकला. चढावर, गरम इंजिनात काही आवाज नाही. ठोके सुटे, सेकंदाला साधारण पाच. धूर थोडा पांढरट. मॅनिफोल्डवर काजळी नाही. स्टॉप केबल ओढताच ठोका बंद.

आता संशयित गाळत जाऊ. काटा आणि चढ यांनी बेअरिंग गाळले. केबलने टॅपेट गाळले आणि सैल पिस्टनचा संशय पुष्कळ कमी केला. काजळी नसल्याने मॅनिफोल्डही मागे पडला. उरला पेट. पण ठोका सुटा आहे, म्हणजे सर्वांना समान असलेले टायमिंग आणि डिझेल हे कारण नसावे. एखादे नोजल असावे. दुसऱ्या पहाटे दांडा चौथ्या नोजलवर टणटणला आणि चौथ्याचा नट सैल करताच ठोका गेला. दुपारी चौथे आणि दुसरे नोजल बदलले. तिसऱ्या पहाटे ठोका दुसऱ्या सिलिंडरवर! नोजल परीक्षायंत्रावर लावले, तर ते धुक्यासारखे फवारण्याऐवजी थेंब गाळताना दिसेल अशी अपेक्षा आता आपण ठामपणे करू शकतो. तीन पहाटा, दोन तांब्याची वॉशरे आणि एका नोजलची दुरुस्ती. इंजिन उघडण्याची गरज पडली नाही.

हेच नोजल दुरुस्त केल्यावर चौथ्या पहाटे पुन्हा ऐकायला हवे. औषध दिल्यावर ताप उतरला का, हे पाहणे हाही निदानाचाच भाग आहे.

आणि नोंदी वेगळ्या आल्या असत्या तर? सलग खडखडाट, पांढरा धूर, मिनिटा-दोन मिनिटांत शांत, बाकी सर्व ठीक; तर थंडीतल्या जुन्या डिझेल इंजिनाचा तो स्वभावच असू शकतो. अशा वेळी थंड इंजिन रेस न करता थोडा वेळ हलके चालू द्यायचे आणि मग सावकाश निघायचे. खडखडाट अचानक, नुकताच पंप बसवल्यावर सुरू झाला असेल, तर मात्र टायमिंग तपासायला हवे. 'काही करू नका' हेही निदान असू शकते. फक्त ते चाचण्यांच्या शेवटी यावे, आळसाने आरंभी नव्हे.

वर्गात काय करता येईल?

चालू इंजिनाजवळ मुलांना नेण्याची गरज नाही. हीच विचारपद्धती डब्यांवर शिकवता येते. एकसारखे तीन पत्र्याचे डबे घ्या. एकात मूठभर हरभरे, एकात साधारण तेवढेच खडे आणि एकात लोखंडी नट घाला. झाकणे चिकटपट्टीने बंद करा आणि डब्यांवर अ, ब, क लिहा. काय काय घातले आहे ते मुलांना सांगा, पण कशात काय ते सांगू नका. डबा उघडायचा नाही.

पहिल्यांदा मुले डबे हलवतील. तिन्ही वाजतील. आता विचारा : "वाजतो, या माहितीने तुम्हांला काय कळले?" तिन्ही वाजतात, म्हणून काहीच कळले नाही, हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. मग प्रत्येक गटाला दोन चाचण्या सुचवायला सांगा. पण करण्याआधी फळ्यावर तक्ता करून घ्या : आत हरभरे असतील तर या चाचणीत काय होईल, खडे असतील तर काय, नट असतील तर काय? ज्या चाचणीचे उत्तर तिन्ही रकान्यांत सारखेच येते, ती खोडायची. डब्याला बाहेरून चुंबक लावला तर पत्र्यालाच चिकटेल, म्हणजे तीही चाचणी खोडावी लागेल! हे मुलांना करण्याआधी सुचते का ते पाहा. मग कुणी वजन करू म्हणेल, कुणी डबा तिरपा करून आतले कसे घरंगळते ते ऐकू म्हणेल, कुणी पाण्यात तरंगवून पाहू म्हणेल.

याच पद्धतीने 'कुंडीतले रोप का सुकले?', 'वर्गातला दिवा का लागत नाही?' हे प्रश्नही घेता येतील. रोपाला पाणी कमी पडले तरी ते माना टाकते, पाणी जास्त होऊन मुळे कुजली तरी माना टाकते. नुसत्या पानांकडे पाहून कुणी आणखी पाणी घातले, तर दुसऱ्या प्रकारचे रोप मरते. बोट मातीत खुपसून पाहणे ही तिथली स्टॉप केबल.

आपल्या गावात रस्त्याकडेच्या गॅरेजात बसणारा एखादा जुना मेस्त्री असेल, तर त्याला शाळेत बोलवा आणि एवढेच विचारा : "आवाज ऐकल्यावर तुम्ही आधी काय काय नाही असे ठरवता आणि कशावरून?" तो सांगत असताना मुलांना फळ्यावर संशयित आणि चाचण्या यांचा तक्ता भरू द्या. कुठला रकाना रिकामा राहिला, तर तेवढाच पुढचा प्रश्न.